पिवळं पक्कं शिजलं पायजे

...आता ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा. माणूस अंडं खातो म्हणजे काय कुणाच्या कडब्याला काडी लावतो का? अन् मी असं काय जास्तीचं मागून राह्यलो? एवढंच ना, की पिवळं पक्कं शिजलं पायजे. बिलकुल पक्कं. बोटानं दाबलं तर बोट कोरडं वापस आलं पायजे.

तुमाला सांगतो, हे खूळ न्हाई, ह्याला कारण हाये. मी भुजंग, कुंभार पिंपळगावात माझं शिलाईचं दुकान, चार माणसात उठबस. सोळा वर्षाखाली पोरगी बघायला टेंभुर्णीला निघालो व्हतो. पांढरा टेरिकॉटचा शर्ट, सोता शिवलेला. जालन्याच्या स्टँडवर गाडीला टाइम व्हता, अन् तिथं ख्वाजामियाँची अंड्याची गाडी. म्हणलं एक खावं. त्यानं दिलं अर्धं कच्चं. "खाव भाई, असली मजा इसमेंच हय." खाल्लं, तर पिवळं हनुवटीवरून जे निघालं ते सरळ खिशावर. पुसलं तर पसरलं. तसाच गेलो टेंभुर्णीला, अन् समोर बसलेले कोण? साहेबराव, म्हणजे आमचे व्हणारे सासरे. गळ्यात तुळशीची माळ, घरात लसूण सुदीक विचारून येतो. त्यांनी शर्टाकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं.

"पाव्हणं, हे पिवळं काय हो?"

"हळद," मी म्हणलो.

"कशाची?"

आता कशाची सांगू... म्हणलो, "देवाची."

ते हसले न्हाई, रागावले न्हाई, अन् पोरगी मात्र दिली. तव्हापासून मी कानाला खडा लावला. अंडं सोडायचं न्हाई, पण पिवळं पक्कं शिजलं पायजे.

पोरगी आली, संगं तिचा कायदा आला. शिवकन्या पहिल्याच हप्त्यात म्हणली, "अंडं खा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण घरात न्हाई." म्हणजे कुठं, तर न्हाणीच्या मागं. तिथं तीन इटा, एक तवा, एक उलथणं अन् एक जर्मलची ताटली. ही माझी इस्टेट. घरातल्या भांड्याशी हिची सोयरीक न्हाई, घासायची राख सुदीक येगळी. अन् वार? सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवारी तिचा उपास, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. मला आला बुधवार. त्यात एकादशी घुसली की तो बी गेला.

बरं, एवढं करून अंडं नीट व्हावं का न्हाई? पालथं घातलं की फुटतं. न घालावं तर खालून कोळसा अन् वरून पिवळं लुकलुक करून राह्यलं. शेवटी जालन्याला दोरा-बटनं आणायला गेल्तो तव्हा ख्वाजामियाँला विचारलं. तो कपाळावर हात मारून म्हणला, "अरे भुजंगभाई, ढक्कन डालो. दो बूंद पानी, आँच कम, अन् पाच मिनट हात नक्को लगाव. पत्थर हुए बगैर कां जाता?"

झाकण! सोळा वर्षं कुणी सांगितलं न्हाई. पण झाकण आणू कुठून? जर्मलची ताटली घातली, तर ती तव्याहून ल्हान, अंड्यावरच बसली. मंग एका बुधवारी शिवकन्या दळण घेऊन गिरणीत गेली अन् माझी नजर गेली मांडणीवर. आंदणातलं मोठं ताट. काठावर आतून कोरलेलं, 'चि. शिवकन्या हिस साहेबराव यांचेकडून.' म्हणलं, पाच मिनिटाचा तर सवाल. नेलं, तव्यावर पालथं घातलं, पाण्याचा शिपका जरा जास्तच झाला, आत फाड् करून आवाज आला. पण उघडलं तर काय सांगू... अर्धं उडालं, राह्यलेलं अर्धं पक्कं. खाल्लं, जल्दी-जल्दी ताट घासलं, मांडणीवर ठिवलं अन् दुकानात जाऊन बसलो.

दुपारी जेवायला आलो तर ओट्यावर चपला. टेंभुर्णीहून मामा, म्हणजे आमचे सासरे, आल्ते. अन् शिवकन्यानं बापाला वाढलं कशात? त्याच ताटात. वरण, भाकर, शेंगाची चटणी. मामांनी डोळे मिटून हात जोडले, अन् मला दिसलं... ताट घासलं व्हतं बराबर, पण कोरलेली अक्षरं राह्यली व्हती. 'साहेबराव' हे अख्खं नाव पिवळं.

आता गप बसलो तर कुणाला कळणार व्हतं? अंगणातलं कुत्रं सुदीक बोललं नसतं. पण त्या माणसाची तीस वर्षाची माळ, अन् ती माझ्या पायी बुडणार. मामांनी घास उचलला तसा मी म्हणलो, "मामा, थांबा."

मामा थांबले. ताटाकडं बघितलं. "माझं नाव पिवळं कामून झालं हो पाव्हणं?"

अन् तुमाला सांगतो, जिभेला हाड न्हाई म्हणतात ते खोटं न्हाई. तोंडातून निघालं, "हळद."

मामांनी घास ताटात ठिवला. मंग म्हणले, "तव्हा बी हळदच व्हती."

मला भुई जागा देईना. म्हणलो, "अंडं हाये, मामा. तव्हा बी अंडंच व्हतं."

"ठावं हाये मला."

"मंग पोरगी कामून दिली?"

"खोटं बोलताना तुमचे कान लाल झालते. म्हणलं, ह्या माणसाला खोटं पचत न्हाई, पोरगी सुखात राहीन. आज माझा घास अडवला ते बरं केलं." अन् पळसाच्या पत्रावळीवर दुसरं वाढून घेऊन जेवले सुदीक.

शिवकन्या मात्र चार दिवस बोलली न्हाई. पाचव्या दिवशी ताट न्हाणीमागं आलं, कायमचं. म्हणजे झाकण मिळालं. पण त्याच्या संगं माझा पाट बी आला. "बुधवारी तुमी बी तिकडंच जेवा."

बरं, आता मामा येतात ते बुधवार बघून. धा हात लांब खाट टाकतात, नाकाला उपरणं, अन् तिथून मला शिकवतात, "झाकण काढू नका पाव्हणं, आतून अजून बुडबुड ऐकू येऊन राह्यली." ज्यानं जन्मात अंडं हातात धरलं न्हाई, तो मला सांगणार! आज सकाळीच म्हणलो, मामा, सोळा वर्षं झाले, मला कळतं. अन् काढलं झाकण.

...तुमी मघापासून सगळे माझ्या खिशाकडं काय बघून राह्यले? काय न्हाई. हळद हाये.

कानाकडं नका बघू.