सहा ग्लासांना गुलाबाचा वास

सगळ्यांत आधी कोण आलं, सांगू? साहेबांच्या घरच्या वहिनी. अजून खुर्च्या मांडायच्या होत्या आणि या पर्स पोटाशी धरून दारात उभ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, जरा जवळ या. अत्तर जास्त झालंय का हो?" म्हटलं, नाही, बेताचं आहे. लग्नाच्या चौतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा लावलं होतं. चव घेणाऱ्याच्या घरात अत्तर नाही, पावडर नाही, वासाचं तेल नाही.

पण थांबा, आधी मानपान. अध्यक्षपदी बसलेले आपले थोरले मालक, बाहेरून आलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते चवीच्या खोलीचे साहेब, शेजारी बसलेल्या वहिनी, आणि पिंपं लोटणाऱ्या, बाटल्या भरणाऱ्या माझ्या लेकरांनो, सगळ्यांना नमस्कार. मी त्या खोलीत ग्लास धुणारी. शिक्षण चौथी. चांगलं बोलणारे माझ्यानंतर आहेत, तोवर मला सोसा.

बावीस वर्षांपूर्वी बर्बन नावाची व्हिस्की कशाशी खातात हे मला कुठं माहीत होतं? मला सगळ्या दारूचा एकच वास यायचा. साहेब म्हणाले, मावशी, ग्लास धुण्याआधी हुंगत जा. रात्रभर सुकलेला ग्लास खोटं बोलत नाही. तिथून माझी शाळा सुरू झाली. मका सगळ्यात निम्म्याहून जास्त, गोडवा त्याचा. जोडीला राय नावाचं धान्य भरपूर असलं, की मिरीसारखं नाकात टोचतं. रायच्या जागी गहू घातला, की मऊ, ताज्या पावासारखं. व्हॅनिला आणि करपलेली साखर येते ती आतून जाळलेल्या नव्या पिंपातून. फार वर्षं ठेवलं तर मग लाकूडच बोलतं, बाकीचे गप्प. काही घरांत सासू बोलते तसं. वहिनी, तुमच्या घरचं नाही म्हणत मी.

नाक ग्लासात खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवायचं. पहिला घोट जिभेला नुसती ओळख करून द्यायला, चव कळते ती दुसऱ्याला. मग दोन थेंब पाणी टाकायचं, की आतलं दडलेलं बाहेर येतं. मी स्वतः थेंब घेतला नाही. पण रिकामा ग्लास हुंगून म्हणायची, हा गव्हाचा, आणि साहेब मान डोलवायचे. चौथी पास झाले तेव्हासुद्धा मी एवढी फुलले नव्हते.

आता मधेच नातीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिला पहिला पगार झाला आणि तिनं मला गुलाबाचा साबण आणला. सोनेरी कागदातला. मी इतकी हरखले, की सकाळी त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि तशीच कामावर आले. सहा ग्लास पुसले, टेबलावर मांडले, दुसऱ्या कामाला गेले. अर्ध्या तासानं खोलीच्या दारात कपाळ पुसलं आणि माझ्याच हाताचा वास मला आला. एकदा कांदा चिरून आले होते, तर साहेबांनी मला दारातूनच परत धाडलं होतं.

आत गेले. साहेबांचे चार ग्लास हुंगून झाले होते. वहीत लिहिलं होतं, मध, भाजका मका.

म्हटलं, "साहेब, लिहू नका. ग्लासांना गुलाबाचा वास लागलाय."

त्यांनी पाचवा उचलला. पुष्कळ वेळ नाकाशी धरला. मग हळूच विचारलं, "कुठल्या ग्लासाला, मावशी?"

"सहाच्या सहा ग्लासांना."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. दोन महिने सर्दी सर्दी म्हणून स्वतःची समजूत घालत होते, रंग बघून आणि आठवणीवर लिहीत होते, असं म्हणाले. मग दोन महिन्यांच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली, फोन उचलला आणि थोरल्या मालकांना सांगितलं, की मी पास केलेलं एकही पिंप बाहेर सोडू नका, माझं नाक गेलंय. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही.

तेव्हा साहेब पिऊन पिऊन कामातून गेले असं जे कारखान्यात कुजबुजतात, त्यांनी हे ऐकून ठेवा. आज बोलायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. मी नातीच्या आनंदात चुकले नसते, तर? हे मी रोज स्वतःला विचारते. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, बरं झालं, तुमच्या हातून झालं.

साहेब, एक तुम्हाला कळलं नसेल. वहिनींनी आज अत्तर लावलंय. आधी जाई येते, मागून संत्र्याचं साल, आणि रुमाल हलला की जरासं मधासारखं. बेताचं आहे. छान आहे.

आता बसते. मालकांनी माझ्यासारखीला इथं उभं केलं, उपकार आहेत. तोंडातून वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. साहेब-वहिनी दोघांनी माझ्या घरी यायचं कबूल केलंय, साहेब तीन बाटल्या आणणार आहेत. वास मी सांगायचा, जिभेवर ते घेणार. त्या दिवशी मी हात साध्या पाण्यानं धुईन. सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मागे फिरायला नको. येत्या रविवारी, दुपारी चार वाजता.