भुवयांना जागा नव्हती

—नाही, चांगली कुठली ते नका विचारू मला. प्रबंधात काय हवं ते लिहा, पण कोणाचं काय लिहून घ्यायचंय, त्यावर आहे ते. खुणांची भाषा कागदावर उतरवायच्या या दोन लिप्या—ही बघा, चिन्हांची. हाताचा आकार, तळवा कुठे वळलाय, हात कुठे टेकला, कसा हलला—सगळं एका ओळीत, भराभर. कर्णबधिरांच्या संस्थेत वीस वर्षं हीच लिहिली मी. आणि ही चित्रांची—आधी चेहऱ्याचं वर्तुळ, त्यात भुवया, तोंड, मग हात. एका वाक्याला पाच मिनिटं. कंटाळा येतो हो.

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. मी आणि दादा, दोघंही तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोललो—त्यामुळे दादाला कळलं नाही, असं म्हणूच नका. ही चिन्हंही त्याला मीच शिकवलेली, हौसेने. तर वृद्धाश्रमाचा अर्ज होता. आईची इच्छा तिच्याच खुणांत लेखी हवी, म्हणाले. दादा म्हणाला, तू लिही, तुझ्या सहीला वजन आहे. आईने खुणा केल्या—मी, तिकडे, राहायला जाणं. आणि भुवया वर. भुवया वर म्हणजे प्रश्न, एवढंच. 'मी तिकडे राहायला जाऊ?' असं विचारत होती ती आम्हाला. मी लिहिलं चिन्हांत, सवयीने, आणि त्या ओळीत भुवयांना जागा नाही. म्हणजे—बाजूला टीप देता येते. दिली नाही मी. म्हटलं, दादा आहे ना समोर, त्याने पाहिलंय.

आश्रमाच्या बाईंसमोर दादाने कागद वाचला, अगदी शांतपणे—'मी तिकडे राहायला जाईन.' मी त्याला बाहेर नेलं. म्हटलं, ती विचारत होती, दादा. तर कागद माझ्यापुढे धरून म्हणतो, "यात भुवया कुठे आहेत, दाखव."

माझंच अक्षर. माझीच सही.

हो, तेव्हाच आत जाऊन सांगता आलं असतं. तेच मनात आलं ना तुमच्या? बाई तिथेच बसल्या होत्या, सांगायला कितीसा वेळ लागतो—पण दादा म्हणाला, आईची खोली तू घे, तुझ्या कामाला. हीच ती. उजेड चांगला येतो इथे. जाते ना, दर रविवारी जाते आश्रमात. मी समोर बसले की आई डोळे मिटून घेते. आता तिने डोळेच मिटले, तर मी बोलणार कशी तिच्याशी?

नाही, हे लिहू नका. वही आत ठेवा. या लिप्यांची दोन्ही पुस्तकं न्या हवी तर, परत नाही आणलीत तरी चालेल. दार ओढून घ्या जाताना.