बोअरमधला शेंदरी शेंबूड

— हात नका लावू मॅडम, बोटांचा वास जात न्हाय मग. तपासायला न्यायची बाटली तेवढी नळाखाली धरा. आत्ता नितळ दिसतंय, पन बादलीत तासभर ठिवा आनि बघा — शेंदरी, बुळबुळीत, लेकराच्या नाकातनं आल्यागत. ओकारी येती मला. ठिबकची एक नळी सोडली न्हाय ह्यानं, निम्मी डाळिंबं वाळली. काल फिल्टरचं टोपन काढलं तर आत मुठीएवढा लोळा. जेवन गेलं न्हाय मला.

जंतू व्हय? ते कळतंय, पन ते पिवळं काय म्हनला — फ्लेविन? ताकदीची, बी-विटामिनची गोळी खाल्ल्यावर लघवी पिवळीधमक व्हती, त्यातलंच? शी! म्हंजी खाली, जितं हवा न्हाय, तितं हे जंतू अंगातनं ती पिवळी लाळ सोडनार, हवेवाचून अडलेलं श्वास घ्यायचं काम तिच्या जोरावर मातीतल्या गंजाकडनं करून घेनार, त्यो गंज पान्यात विरघळनार — आनि वर हवा लागली की दुसरे जंतू त्याचाच परत गंज करून ही घान करून ठिवनार. वाटून घेतल्यात कामं मेल्यांनी. पन मग बोअर पाडून बारा वर्षं झाली, तवर कुठं व्हते हे? — आधीपास्नंच व्हते? उपाशी? कुनीतरी खायला घातलं म्हनून माजले? — असं काय बघताय माझ्याकडं?

रसूल पन असाच बघितला व्हता. आमच्याच गावचा, बावड्याचा, ही सगळी ठिबक त्यानंच बसवली. पानी बिघडलं तवा आला, वास घेतला, म्हनला, मावशी, बोअरमधी काय ओतलंय का? मला आला राग. म्हनलं, तूच जुना फिल्टर घातलायस, आनि वर मलाच इचारतोस? देवळापुढं पाच मानसं बसली व्हती, तितं मी खंडोबाचा भंडारा उचलला — काय ओतलं न्हाय म्हनून. भंडारा उचलल्यावर पुढं कोन बोलनार? त्या दिवसापास्नं त्याला गावात कुनी काम देईना. सोमेश्वरनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवतो म्हनं आता. त्याची बायको मेहजबीन, माझ्या लेकीचं, छकुलीचं बाळंतपन जिनं पुढं होऊन केलं — ती तोंड फिरवून जाती. जाऊ दे. मला काय फरक पडतोय?

आनि ओतलं म्हंजी तरी काय? जीवामृत का घान हाय? शेन, गोमूत्र, गूळ, बेसन — शेताला आमी तेच घालतो. दोन पिपं उरली व्हती, आंबली व्हती, वर किडं वळवळत व्हतं. टाकून द्यायला जीव व्हईना — गूळ व्हता की त्यात. कुनीतरी म्हनलं, बोअरला सोडा, झरं मोकळं व्हत्यात. दुपारी कुनी नव्हतं मळ्यात, मीच सोडलं, बादलीनं, एक-एक करून. ते औषधच की, त्याला ओतलं म्हनत्यात का? मी खोटं कुठं बोलले? — बोलले. कळत व्हतं मला, तवाच. भंडारा हातात घेतला तवा कळत व्हतं. माझी नात ह्याच पान्यानं अंघोळ करती, मॅडम. सगळ्यांना सांगते, ह्या शेंबडाची किळस येती म्हनून. किळस ह्या हाताची येती मला. भाकरी थापताना येती.

हे लिहून घेतलं का तुमी? — असू दे. खोडू नका. न्हायतर खोडा — मला काय कळंना झालंय. तुमाला हितवर वाट कुनी दाखवली पन? बारामतीवरनं आलेल्या मानसाला आमचा मळा सापडत न्हाय. — कोन? रसूलनं? बांधावर थांबलाय व्हय, गाडीला टेकून. आत येत न्हाय. माझ्या मळ्यात पाय ठिवू नको, असं मीच म्हनले व्हते त्याला.

भरली बाटली. बूच घट्ट लावा, सांडंल. निघा आता. त्यानं इचारलं तर म्हना, म्हातारी घरात न्हाय. — हिकडंच बघतोय त्यो, दिसतंय मला. तरी म्हना.