तलाव आधी कोणी पार केला

दातांच्या दवाखान्यात एक शाळकरी मुलगी सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारी बसलेल्या मोठ्या बहीणभावांची जुंपली, तशी ती ठणकाच विसरली.

“ताई, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातून माझं नाव तूच उडवलंस ना? उद्या माझा सत्कार आहे!”

“तलाव सर्वांत आधी पोहून पार करणारे वीर! पुरावा कुठाय, वीरा?”

“हा बघ, पेपरात छापून आलंय.”

“पेपरवाल्यांनी कुठून उचललं? आमच्या ज्ञानकोशातून. आणि तिथे कोणी लिहिलं? तूच! वा रे वा, स्वतःच नवरदेव, स्वतःच भटजी.”

“फुकट राबता, पण तोरा केवढा!”

“फुकट राबतो म्हणून काय वाट्टेल ते खपवून घेऊ? तू जन्मायच्या आधीच आईने तो तलाव पार केला होता.”

“मग टाक की आईचं नाव.”

“कशाच्या आधारावर? घरचे सांगतात म्हणून? मग तुझंच काय वाईट होतं?”

“म्हणजे आई राहिलीच.”

“उद्या भाषणात तूच सांग. पेपरात छापून आलं, की मला लिहिता येईल.”

“चारचौघांत मीच खोटा ठरू?”

“हो. हार गळ्यात असतानाच.”

भावाने पेपरची नीट घडी घातली.

“फोटो तरी माझाच छापतील ना?”