समासातली मेपलची पानं

(अमेरिकेतलं ॲन आर्बर, १९८६चा ऑक्टोबर. वसुधाकाकूंच्या किचन टेबलावर महाराष्ट्र मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकाची पानं. खाली उत्तराची दहा महिन्यांची मुलगी सीमा रांगते आहे.)

वसुधाकाकू : शी, शी, शी! अगं उत्तरा, लोक चकली खाता खाता अंक वाचतात. त्यांना तू कोंबड्यांची आतडी वाढतेस?

उत्तरा : अमेरिकन साहित्याच्या क्लासमध्ये शिकतेयस ते मराठीत लिही, असं तुम्हीच म्हणालात, काकू.

वसुधाकाकू : तू फोनवर ‘निसर्गवाद’ म्हणालीस! मला वाटलं फॉल कलर्स, तळी, हरणं. समासात मेपलची चौदा पानं काढून बसले मी. रंगवून!

उत्तरा : झाडांचा नाही हो, माणसांचा. शंभर वर्षांपूर्वी इथे आधी रिअलिझमवाले आले. म्हणाले, राजकन्या पुरे, शेजारीण बोलते तशी लिहा. मग नॅचरलिझमवाले आले, ते शेजारणीच्या मोरीत शिरले. माणसाचं काय होणार ते त्याचं रक्त आणि त्याची वस्ती ठरवते, म्हणाले. सीमा! तोंडात काय? आ कर. आऽ! काकू, माशी आहे. मेलेली.

वसुधाकाकू : माझ्या घरात माशी नाही.

उत्तरा : ही बघा.

वसुधाकाकू : ईऽऽ! टाक, टाक ती! सिंकपाशी साबण आहे.

उत्तरा : रडू नको गं, पुसू दे तोंड. काकू, किळस मलाही आली. ती पुस्तकं वाचली की हिला घेण्याआधी हात धुते मी, नुसतं वाचून! पण त्या वेळचे संपादकही तुमच्यासारखीच काटछाट करायचे. मुलीबाळींसमोर वाचता येईल तेवढंच छापायचं. मला त्याची जास्त किळस येते.

वसुधाकाकू : म्हणजे माझी.

उत्तरा : तसं नाही... पण कोंबड्यांच्या कारखान्यातल्या बाईचा पॅरा काढणार असाल, तर लेख परत द्या. त्याच्यासाठीच बाकीचं लिहिलंय.

वसुधाकाकू : तो घाण म्हणून नाही खोडला. चुकलाय तो. वाच.

उत्तरा : ‘पिसं उपटणाऱ्या बाईच्या केसांतून तो ओला वास आठवडाभर जात नसे.’ व्याकरण चुकलंय?

वसुधाकाकू : आठवडाभर कुणी सांगितलं तुला?

उत्तरा : अंदाजाने लिहिलं.

वसुधाकाकू : अडुसष्ट साली ह्यांची डॉक्टरकीची रेसिडेन्सी चालू होती, ओहायोत. मी तिथल्या कारखान्यात टर्की कोंबड्या साफ करायच्या लाइनवर होते.

उत्तरा : पण तुम्ही तर हॉस्पिटलच्या ऑफिसात होतात ना? मंडळात सगळे तसंच...

वसुधाकाकू : ते आईला लिहिलेल्या पत्रात. पुढे तेच तोंडात बसलं.

उत्तरा : काकू...

वसुधाकाकू : अशी बघू नकोस माझ्याकडे. पेन घे. ‘आठवडाभर’ खोड.

उत्तरा : आणि काय लिहू?

वसुधाकाकू : लिही, ‘सहा महिने तिचा नवरा उशी घेऊन सोफ्यावर झोपे.’