उलटी नेसवलेली म्हातारी

तोमे: तुझ्या लेकीला जनाची नाही, मनाची नाही. जिवंत आजीला टीव्हीवर मढं करून बसवलं, आणि आज तोंड वर करून जेवायला आली.

सातोए: आई, हळू बोला. ती दारातच बूट काढतेय.

तोमे: ऐकू दे की. ऐंशी वर्षांत माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं नाही, आता सून लावणार?

कानाए: ऐकलं, आजी. कुठलं मढं?

तोमे: ये, बस. तुझ्या त्या कार्टुनातलं. जादूच्या शाळेतली पोरं छत्रीवर बसून उडतात, हेडमास्तरांचा मुळा करून ठेवतात, आणि वसतिगृहाची म्हातारी तो मुळा मिठात घालायला निघते. ती म्हातारी मी. नाही म्हणू नकोस.

कानाए: तूच आहेस. नाही कशाला म्हणू?

सातोए: मुळ्याला तर तुम्हीच हसलात, आई. चहा सांडला होता.

तोमे: मुळ्याला हसले. स्वतःला नाही हसले. ‘जादू मागाहून, आधी चपला सरळ ठेवा’ हे माझं बोलणं चोरलं, आता गल्लीतली कार्टी मला बघून तेच ओरडतात. तेही गिळलं. पण नवव्या भागात काय केलंस? किमोनोची उजवी बाजू वर. डावी वर, उजवी आत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उलटं नेसवतात ते सरणावर जाणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिराहातांची सून पिशवीभर संत्री घेऊन माझी तब्येत विचारायला आली. आणि हे किमोनो शिवणारीच्या घरात.

कानाए: घाई झाली होती. म्हातारी डावीकडे बघताना काढून झाली, आणि मग ती उजवीकडे बघायला हवी असं ठरलं. पुन्हा काढायला वेळ नव्हता. चित्र आरशात दिसतं तसं फिरवलं. तोंडाबरोबर किमोनोही फिरला.

तोमे: फिरवलं कुणी?

कानाए: मी.

तोमे: दुसऱ्यावर ढकलायचीही अक्कल नाही.

सातोए: कबूल करतेय ना ती. अजून काय हवंय तुम्हाला?

तोमे: ठरलेलं हवंय. चित्रं काढायला तीन वर्षं देते म्हणाले होते, दिली. या मार्चात संपली. सोमवारपासून माझ्या शेजारच्या गादीवर बसायचं, हातात सुई घ्यायची. माझ्यामागे हे काम बघायला दुसरं कोण आहे? तू, सातोए? तुला साधा सुईत दोरा ओवता येत नाही.

सातोए: माझा विषय कुठून आला?

कानाए: आजी, सोमवारी मला टोकियोत हो की नाही सांगायचंय. पुढच्या सगळ्या भागांत म्हातारी मीच काढायची, असं स्टुडिओवाले म्हणतायत.

तोमे: मढ्यासारखं नेसवणारीला? सगळी माणसं संपली त्यांची?

कानाए: ज्यानं बिघडवलं त्यानंच निस्तरायचं, म्हणाले.

तोमे: हे मात्र शहाण्यासारखं बोलले. पण तू मला शब्द दिला होतास. दिला होतास की नाही?

कानाए: दिला होता. तू धरून बसलीस तर राहीन मी. पण मन लागेल असं सांगत नाही.

तोमे: मन मागितलंय कुणी? हात मागितलेत.

सातोए: आई, अशानं पोरगी कधी घरी यायची नाही.

तोमे: तू लाडावून ठेवलीस म्हणून ही वेळ. कानाए, त्या जुन्या कॅलेंडरचं पान फाड. मी शिवते, तू मला काढ. इथं, माझ्या डोळ्यांसमोर. तीन वर्षं घालवून काय शिकलीस ते बघू दे.

(अर्धा तास जातो. सुई कापडातून जाते, पेन्सिल कागदावरून.)

तोमे: झालं असेल तर आण इकडे. हं. डावी वर, उजवी आत. तोंड मात्र कडू काढलंस.

कानाए: समोर होतं ते काढलं.

तोमे: जीभ आवर. आणि ही करंगळी अशी बाहेर का? माझी करंगळी बाहेर जाते?

सातोए: जाते, आई. सुई रेटताना.

तोमे: साठ वर्षं शिवतेय, मला कधी दिसली नाही. आणि हा अंगठा मधल्या बोटाशी काय करतोय?

कानाए: बोटातली लोखंडी अंगठी खाली घसरते. सुईचं बूड तिच्यावर टेकायचं असतं, म्हणून तू ती वर सारतेस. दर सात-आठ टाक्यांनी.

तोमे: आज मी एकदाही सारली नाही. नवी अंगठी आहे, घट्ट बसते. हे तू कधी बघितलंस?

कानाए: शाळेतून आल्यावर तू मला शेजारी बसवायचीस तेव्हा. सहा वर्षं बसवलंस.

तोमे: शिवण बघायला बसवत होते.

कानाए: शिवण मला एकही आठवत नाही, आजी.

सातोए: आई, तिला रागावू नका आता. लहान होती.

तोमे: तू गप्प बस. तरीच म्हणते, सहा वर्षांत हिची एक शिवण सरळ गेली नाही, आणि मी हिला आळशी समजत आले. कापडाकडे हिनं कधी बघितलंच नाही. ऐक, कानाए. त्या गादीवर मी तुला बसू देणार नाही, लोकांच्या रेशमाचं वाटोळं करशील. शिवणकामाला तू नालायक आहेस. सोमवारची पहिली गाडी पकड.