बंडी मागितली

हॅलो? … हो, उमरखेड. शाळेचाच फोन. … कोण? सुहासिनीवहिनी? पुसदहून? जरा मोठ्यानं बोला, लाईनीत खरखर आहे. … हो, हो, मीच, कुंदा. काय झालं?

कोणाचा फोन आला सकाळी? … नेमसिंगचा. नदीवरच्या बंगल्याचा चौकीदार, ओळखते मी. काल तिथंच मुक्काम होता ना दादाचा? मोटर लावलेल्या दोन होड्या, चौघं जण… आणि आज तिथूनच मागे फिरणार होते. मग?

… काय? कुंडाकडे?

थांबा, वहिनी. सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे? … नाही, मी घाबरले नाही. तुम्ही बसा आधी. बसलात?

पाणी कसं आहे म्हणाला? … गढूळ. रात्रीपासून चढतंय. … हो, वर वाशीमकडे पाऊस झालाय, तेच आलं असेल. … इंजिनं? छे हो, ती केवढीशी इंजिनं! संथ पाण्यात बरी. धार जोराची असली की उलटं वर येता येत नाही, मग होडी… नाही, नाही, तसं नाही म्हणत मी. वहिनी, रडू नका हो. अहो, ऐका ना…

बंगल्यावर परत फोन लावून पाहिलात? … लागतच नाही. बरं. आणखी काय म्हणाला नेमसिंग? … अंगात घालायला कपडा मागितला? दादानं? … म्हणजे भिजला असेल. होडी उलटली असेल… पण मग कोरडा कपडा घालून परत पाण्यात कशाला जाईल? जुळत नाही. … नाही वहिनी, तुमचा अर्थ नको. त्याचे शब्द सांगा. जसेच्या तसे.

… ‘सायबानं बंडी मांगली, अन् मंग कुंडाकडे गेले.’

बंडी? बंडीच म्हणाला? … अहो वहिनी! अंगात घालायची ती तुमच्या माहेरी, पुण्यात. इकडे बंडी म्हणजे बैलगाडी! … हो, बैलगाडी! बाजूला तांडा आहे, तिथून मागितली असणार. … होड्या चढवायला! … आता मला सांगा, होडी बंडीत घालून धबधब्याकडे कोण जाईल? कुंडाकडे नाही हो, कुंदाकडे! माझ्याकडे! … द! दगडाचा द! डब्याचा ड नाही!

हसताय की रडताय? … शपथ कशी घेऊ? अंदाज आहे माझा, डोळ्यांनी पाहिलं कुठंय अजून?

हो ऑपरेटर, वाढवा तीन मिनिटं. … वहिनी, धरा हं. बाहेर पोरं ओरडताहेत. खिडकीतून दिसतंय… बंडी! दोन आहेत, दोन! वर होड्या बांधल्यात. मागून माणसं चालताहेत. एक… दोन… तीन. … हो, तीनच. … दादा? नाही… त्यांच्यात दादा दिसत नाही…

अगं बाई, होडीत आहे! आडवा पडलाय, पायाला फडकं बांधलंय, पण हात हलवतोय, हसतोय मेला! वहिनी, ऐकलंत? … वहिनी? … हॅलो? हॅलो?

ऑपरेटर! पुसद तुटलं. कुठपर्यंत ऐकलं हो त्यांनी? … बरोबर, तुम्हाला कसं कळणार. … संध्याकाळी? नाही हो, संध्याकाळपर्यंत नाही चालणार! लाइटनिंग कॉल लावा, आत्ताच्या आत्ता, कितीही पैसे पडोत. … मोठं काही बोलायचं नाहीये. एकच शब्द.

… ‘आहे.’